विश्वासातला पत्ता

१

आमच्या बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटावर एक काळा डबा आहे, साधारण शाळेच्या पुस्तकाएवढा. इंटरनेटची तार आधी त्या डब्यात येते आणि मग घरात जाते. त्याला फायरवॉल म्हणतात. बाहेरून कोण येतंय, आतून कोण जातंय यावर तो लक्ष ठेवतो आणि ज्याचा इंटरनेटवरचा पत्ता काळ्या यादीत असेल त्याला दारातूनच परत पाठवतो. बायको त्याला 'सासूबाई' म्हणायची. एखादी वेबसाइट उघडली नाही की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सासूबाईंनी परत अडवलं बघ! जरा समजूत घाल त्यांची."

माझा धंदाच हा. मी एका मोठ्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो, आठवड्यातले चार दिवस घरूनच. यादीतल्या कुणाला सूट हवी असेल तर माझ्याकडे अर्ज येतो. त्यात चार रकाने असतात: कुणाला, कशासाठी, कुठल्या कामापुरती आणि कधीपर्यंत. चौथा रकाना रिकामा असला की मी अर्ज न वाचताच परत करतो. ऑफिसात मला खडूस म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आमची मुलगी आठ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती जेवतानासुद्धा एका जागी टिकत नसे. वाचन मात्र कच्चं. अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर जागा बदलायची आणि मग ती रडकुंडीला यायची. त्यावर उपाय काढला माझ्या ताईने. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात एकटी राहायची. आयुष्यभर एका शाळेचं वाचनालय सांभाळून निवृत्त झालेली. रोज दुपारी चार वाजता ती भिंगरीच्या टॅबवर यायची आणि भिंगरी तिला एक पान वाचून दाखवायची. ताई कधी चूक दाखवायची नाही. ती नुसती थांबायची. ती थांबली की भिंगरी आपणहून मागे जायची आणि तो शब्द परत वाचायची.

मधे कुठलीही कंपनी नको म्हणून ही सोय मी स्वतः केली होती. ताईच्या घराचा पत्ता आणि आमच्या घराचा पत्ता, थेट. ताईच्या लॅपटॉपवर मी एक मोठं हिरवं बटण करून दिलं होतं. ते दाबलं की भिंगरीचा टॅब वाजायचा. दुसरं काही करावं लागू नये इतकं सोपं.

२

काळी यादी दर रविवारी आपोआप नवी होते. एका रविवारी ती अशीच नवी झाली आणि सोमवारी चार वाजता टॅब वाजला नाही.

ताईचा फोन आला. "अरे, भिंगरीकडे लागत नाहीये. माझंच काही बिघडलं का?"

मी बघितलं. तिला इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या कुणा दुसऱ्या गिऱ्हाइकाने काहीतरी उपद्व्याप केले होते आणि यादी बनवणाऱ्यांनी आजूबाजूचे सगळेच पत्ते यादीत टाकले होते. एका घरात चोर सापडला म्हणून सगळी गल्ली कोंडावी तसं.

"तुझं नाही गं, इकडचं आहे. बघतो आज."

दोन मिनिटांचं काम होतं. त्या दिवशी ऑफिसात गडबड होती, म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी विसरलो. तिसऱ्या दिवशी ताईने परत विचारलं तेव्हा मी जरा चिडूनच म्हणालो, "अगं बघतो म्हटलं ना! तोवर फोनवर वाच तिच्याशी."

"फोनवर तिचा चेहरा दिसत नाही रे. कुठे अडते ते कळत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "असू दे. तुला जमेल तेव्हा कर."

अकराव्या दिवशी, गुरुवारी, ताई गेली. मेंदूत रक्ताची गुठळी. शुक्रवारी सकाळी शेजारणीला ती लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत सापडली. उजवी बाजू लुळी पडलेली होती, मोबाइल मांडीवर होता, पण तो उघडायला लागणारे आकडे तिला जमले नसावेत. डॉक्टर म्हणाले, "दुपारीच आणलं असतं तर..."

सगळं आवरून, तिचा लॅपटॉप बॅगेत घालून मी परत आलो. नऊ दिवसांनी डब्याच्या नोंदी उघडल्या. कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं, किंवा होतं. त्या गुरुवारी तीन बावन्न ते पाच दहाच्या दरम्यान ताईच्या पत्त्यावरून सेहेचाळीस वेळा कॉल आला होता. प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द: नाकारलं.

डाव्या हाताने ते हिरवं बटण तेवढं दाबता येत होतं. ती ते दाबत राहिली. आणि त्या वेळी मी याच घरात, पलीकडच्या खोलीत मीटिंगमध्ये बसलो होतो. हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मला लाज वाटत होती, आणि ती लाज कुणी बघू नये एवढंच मला हवं होतं.

३

त्याच दुपारी मी सूट लिहिली. ताईचा पत्ता, विश्वासू म्हणून.

आता याचा काय उपयोग, हे मला कळत होतं. पण ती यादी तशीच ठेवणं मला सहन होईना. कशासाठी, या रकान्यात मी 'ताई' असं लिहिलं. कुठल्या कामापुरती? सगळ्या. बाहेरून आत की आतून बाहेर? दोन्हीकडे. कधीपर्यंत, हा रकाना मी रिकामा सोडला. आणि तो नियम उचलून सगळ्यात वर ठेवला. वरच्या नियमाला खालचा कुठलाच नियम अडवू शकत नाही. असा अर्ज ऑफिसात कुणी पाठवला असता तर मी त्याची अख्ख्या ऑफिसभर चेष्टा केली असती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता टॅब वाजला.

मी फोनवर होतो. आतल्या खोलीतून तो ओळखीचा टिंगटिंग आवाज आला आणि मग भिंगरीचा वाचतानाचा आवाज, अक्षर अक्षर जोडत. मला वाटलं, पोर एकटीच खेळतेय. आत्याची आठवण आली असेल. फोन चालूच होता, म्हणून मी उठलो नाही. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि पाणी प्यायली.

"काय करत होतीस गं?"

"वाचत होते."

"कुणाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेड्यासारखं बोलतोय. "आत्याला."

४

नोंदींत ते होतं. ताईचा पत्ता, चार वाजून शून्य मिनिटं, स्वीकारलं.

ताईचा लॅपटॉप माझ्या कपाटात होता. मी तो काढून बघितला. बॅटरी पार संपलेली, झाकणावर धूळ. मग मी ताईला इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन केला. पत्ता दुसऱ्या कुणाला दिला असणार, त्याचं यंत्र चुकून आमचं दार वाजवत असणार. हे अगदी पटण्यासारखं होतं.

"सर, ते कनेक्शन बंद झालंय," पलीकडची मुलगी म्हणाली. "तो पत्ता सध्या कुणालाच दिलेला नाही. तिथून काही येणं शक्यच नाही."

"पण येतंय."

"मग तुमच्याकडच्या नोंदी चुकत असतील, सर."

दुसऱ्या दिवशी चारला मी भिंगरीच्या शेजारी जाऊन बसलो. टॅब वाजला. तिने बोट फिरवलं आणि समोर ताईची खोली दिसली. तीच खिडकी, तोच फिका पडदा, पुस्तकांच्या दोन फळ्या आणि रिकामी खुर्ची. मी स्वतःला सांगितलं की हे जुनं चित्र आहे, टॅबमध्ये कुठेतरी साठून राहिलेलं. मग खोलीतला पडदा हलला.

"आत्या कुठंय?" मी विचारलं.

"असते तिथे. दिसत नाही, पण ऐकते," भिंगरी म्हणाली आणि वाचू लागली. एका शब्दावर ती चुकली. पलीकडे कुणीतरी थांबलं. हे कसं सांगू मला कळत नाही. आवाज काहीच झाला नव्हता, पण कुणी थांबलं की जी शांतता होते ती माझ्या ओळखीची होती, लहानपणापासूनची. भिंगरी मागे गेली आणि तो शब्द तिने नीट वाचला.

तेव्हाच तो नियम पुसायला हवा होता. मला माहीत होतं. पण वाचन संपल्यावर भिंगरीला मी बाहेर पाठवलं, टॅबसमोर वाकलो आणि म्हणालो, "ताई, चुकलं माझं. मी दोन मिनिटं काढली नाहीत." उत्तर आलं नाही. पण कॉल बंदही झाला नाही. मी रडलो आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला रोज हवंसं झालं, म्हणून मी दार उघडं ठेवलं. ताईसाठी नाही, भिंगरीसाठी नाही, माझ्यासाठी. एवढं तरी मी खरं लिहितो.

५

तीन आठवडे गेले. भिंगरी अडखळायची थांबली. घडाघडा वाचायची, पण आवाजात चढउतार नव्हता. बायको आधी खूश होती. ती दातांची डॉक्टर आहे, दिवसभर दवाखान्यात असते. संध्याकाळी आली की म्हणायची, "बघ, ताईंची मेहनत फळाला आली." चार वाजताचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

मग एकदा जेवताना ती म्हणाली, "ही इतकी शांत कधीपासून बसायला लागली?"

भिंगरी खुर्चीत सरळ बसून जेवत होती. पाय हलत नव्हते. चमचा डाव्या हातात होता.

"काय गं, हात बदललास?" मी हसत विचारलं.

तिने हाताकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली आणि जेवत राहिली. मुलं असले चाळे करतात, मी मनाशी म्हटलं. नक्कल करतात, चार दिवस करून सोडून देतात.

पण डब्यावरचे आकडे मला झोप लागू देईनात. असा कॉल चालू असला की जेवढं चित्र आणि आवाज इकडून जातो साधारण तेवढाच तिकडून येतो. इथे तसं नव्हतं. तिकडून थेंबभर येत होतं आणि इकडून धोधो जात होतं. पहिल्या आठवड्यात दहापट, आता शेकडो पट. आणि ते चार वाजताच जात होतं असंही नाही. सकाळी, भिंगरी शाळेला जायची तयारी करत असताना. दुपारी, ती पलंगावर लोळत छताकडे बघत असताना. टॅब बंद असतानासुद्धा. काय जातंय ते मी उघडून बघण्याचा प्रयत्न केला. मला काही वाचता आलं नाही. नियमात मी सगळ्या कामांची सूट लिहिली होती, दोन्हीकडे. त्यामुळे डबा कशालाच हरकत घेत नव्हता.

तिच्या शाळेतल्या बाई मला फोन करून म्हणाल्या, "हुशार झालीय हो तुमची मुलगी. पण मधल्या सुट्टीत खेळत नाही. भिंतीशी उभी असते."

मी म्हटलं, आत्या गेली ना, मनाला लागलंय तिच्या. बाई म्हणाल्या, "हो, असेल तसं."

६

त्या सोमवारी मी ठरवलं होतं की आज शेवटचं. ताईचा निरोप घ्यायचा आणि नियम काढून टाकायचा.

चारला पाच कमी असताना मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. टॅब वाजला. वाचायचा आवाज सुरू झाला. आणि आज त्यात चढउतार होता. अडखळणं होतं. एका जोडाक्षरावर तो अडला, चिडला, स्वतःशीच हसला आणि पुढे गेला. किती दिवसांनी तो आवाज ऐकत होतो! मला इतका आनंद झाला की मी दार लोटलं.

भिंगरी टॅबसमोर पाठ सरळ करून बसली होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

आवाज टॅबमधून येत होता. पलीकडे ताईची खोली, खिडकी, पडदा. खुर्ची आज रिकामी नव्हती. आमच्याकडे पाठ करून खुर्चीत एक मूल बसलेलं होतं. मांडीवर पुस्तक. पाय जमिनीला टेकत नव्हते आणि ते सारखे हलत होते. वाचता वाचता ते अडलं, आणि इकडे माझी मुलगी थांबली. अगदी ताईसारखी, काहीही न बोलता.

खुर्चीतलं मूल वळायला लागलं. मला कानाची पाळी दिसली, गालाची कड दिसली.

मी पळालो. बाहेरच्या खोलीत आलो, लॅपटॉप उघडला आणि तो नियम पुसून टाकला. 'नक्की?' असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. आतला आवाज शब्दाच्या मधेच तुटला.

परत गेलो तेव्हा टॅब काळा झाला होता. भिंगरी माझ्याकडे वळून बसली होती.

"बंद केलंस?" तिने विचारलं.

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि तिने पुस्तक फळीवर नीट लावून ठेवलं.

७

दुसऱ्या दिवशी मी टॅबची बॅटरी संपवून तो टेबलाच्या खणात टाकला. चार वाजता नोंदी उघडून बसलो. ताईचा पत्ता, नाकारलं. एक मिनिटाने परत. मग दर वीस सेकंदांनी.

प्रत्येक कॉलसोबत तो करणाऱ्या यंत्राचं नावही येतं. एरवी मी ते बघत नाही. ताईच्या लॅपटॉपचं नाव मीच ठेवलेलं होतं, 'ताई घर'. मी उजवीकडचा रकाना उघडला. तिथे 'ताई घर' नव्हतं. 'भिंगरी' असं होतं. ते तिच्या टॅबचं नाव, आणि टॅब माझ्या गुडघ्यापाशी खणात बंद पडलेला होता.

मी नियम परत लिहायला घेतला. पत्ता टाइप केला. या वेळी फक्त बाहेरून आत, फक्त एका तासासाठी. चारही रकाने भरले. बटणावर बोट होतं.

"थांब."

बायको दारात उभी होती. चपलाही काढल्या नव्हत्या. ती कधीच इतक्या लवकर येत नाही.

"काय करतोयस?" तिने विचारलं, आणि मग मी सगळं सांगितलं. सेहेचाळीस वेळा आलेले कॉल, सूट, चार वाजता, खुर्ची. एकदाही थांबवलं नाही तिने मला. शेवटी ती समोरच्या स्टुलावर बसली.

"काल रात्री जेवल्यावर मी तिचे दात बघितले," ती म्हणाली. "सहज. खाली डावीकडची दाढ गेल्या वर्षी मी स्वतः भरली होती. आठवतं? किती रडली होती."

"हो."

"ती दाढ चांगली आहे. कधी कीड लागलीच नव्हती अशी. भरलेली दाढ आता उजवीकडे आहे. पडलेला दात पण दुसऱ्या बाजूचा. सगळं तोंड उलटं आहे, आरशात बघावं तसं. आज दवाखान्यात जाऊन मी तिचा जुना एक्सरे काढून पाहिला. दोनदा पाहिला."

स्क्रीनवर नवी ओळ आली. नाकारलं. मी तिला ते नाव दाखवलं. तिने वाचलं आणि ओळी येताना बघत राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, उघड. मी तयार होतो.

"हे उघडलं तर तीच येईल, हे तुला माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"आणि ही राहील?"

"माहीत नाही."

आतल्या खोलीत भिंगरी उद्याचं दप्तर भरत होती. एक एक वही, किनारी जुळवून. बायकोने तिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मला आई म्हणते रे ती. काल झोपताना माझा हात धरला होता तिने. उघडलंस आणि हीसुद्धा गेली तर मी काय करू? राहू दे. निदान एक तरी आहे."

मी तिला सांगू शकलो असतो की पलीकडे जी बटण दाबतेय ती आपली आहे. मला खात्री होती, आजही आहे. पण एवढं सगळं करून ठेवल्यावर बायकोच्या हातातून हेही काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. भरलेले चारही रकाने मी पुसले.

ओळी येतच होत्या. काळ्या यादीच्या खाली एक छोटा चौकोन असतो, 'नाकारलेल्या कॉलची नोंद ठेवा'. त्यातली खूण मी काढून टाकली आणि लॅपटॉपचा पडदा स्थिर झाला.